हरकत असल्यास कळवावे

यासीनभाई,

तुमची खुर्ची अजून कोणी उचललेली नाही. माणूस गेला की त्याची खुर्ची दुपारच्या आत दुसऱ्या टेबलापाशी गेलेली असते, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. तुमची बसल्यावर कुरकुरते, म्हणून राहिली असावी. मी येताजाता तिच्याकडे बघतो आणि पुढे जातो. मला रडूबिडू आलं नाही. बायको म्हणाली, "तुमचं असंच. सगळ्यांचं आटोपलं की मग तुम्ही बसाल रडत." बघू.

लोक तुमच्याबद्दल फार चांगलं बोलताहेत. देवमाणूस होता, कुणाला दुखावलं नाही, वगैरे. तुम्ही देवमाणूस नव्हतात. चांगले भांडखोर होतात. फक्त तुमचं भांडण आवाज न चढवता चालायचं, त्यामुळे बघणाऱ्याला ते भांडण वाटायचं नाही. मला वाटायचं, कारण ते माझ्याशी असायचं. त्यातलं एक अर्धंच राहिलं आहे. ते पुढे चालवावं म्हणून हे लिहायला बसलो. उलट उत्तर द्यायला तुम्ही नाही, ही सोय आहे आणि अडचणही.

मी इथे नवा होतो तेव्हाची गोष्ट. रियाधमधल्या या कंपनीत हवाई संरक्षणाची रडारं चालू ठेवणं हे माझं काम, आणि करारांची, पत्रांची भाषांतरं करणं हे तुमचं. मी नाशिककडचा, तुम्ही रत्नागिरीच्या खाडीकाठचे कोकणी मुसलमान. माझं आडनाव ऐकल्याबरोबर तुम्ही म्हणालात, "पगार? लोक हितं पगारासाठी येतात वो. तुमी घेऊनच आलात." पुढची सगळी वर्षं हा विनोद तुम्ही पुरवून पुरवून वापरलात.

त्या दिवशी बैठक चालली होती. आपले साहेब अबू फहद, सुट्या भागांच्या पेट्या बंदरातून हलल्या का, असं विचारत होते, आणि नेमका मला घरून फोन आला. शाळेची बस चुकली, टॅक्सी करू का, असं बायको विचारत होती. मी हळूच म्हणालो, "हरकत नाही, हरकत नाही." अबू फहद ताठ बसले. "हरका? फी हरका?" त्यांना वाटलं, पेट्या हलल्या. अरबीत हरका म्हणजे हालचाल, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुम्ही मध्ये पडलात आणि गंभीर चेहऱ्याने खुलासा केलात, की शब्द मूळचा तुमचाच, पण आमच्या किनाऱ्याला लागेपर्यंत त्याचा अर्थ आक्षेप असा झाला. हा माणूस बायकोला 'आक्षेप नाही' असं कळवतो आहे. अबू फहद मोठ्याने हसले. म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे काहीच हललं नाही, की सगळं ठीक!" तेव्हापासून ते मला रोज सकाळी विचारतात, "पगार, फी हरका?" काही हालचाल आहे का? आणि मी सांगतो, "मा फी." नाही.

चहाच्या वेळी तुम्ही मला त्याचा पुढचा पाठ दिलात. कागदावर एक अक्षर काढलंत, त्याच्यावर एक लहानशी तिरपी रेघ मारलीत. "ही झाली हरकत. ही असली की अक्षर बोलतं. मदरशात मौलवीसाहेबांनी छडीनं शिकवलेलं आहे, विसरणार नाय." मग रेघ खोडून तिथे बारीक गोल काढलात. "आनि हा सुकून. हा असला की अक्षर गप. एकटं बोलूच शकत नाय. मागच्या अक्षराच्या आधारानं जायचं." मी म्हणालो, छान आहे, आणि बिस्किट चहात बुडवलं. मला वाटलं, भाषांतरवाल्या माणसाचा हा छंद असणार. तुमच्या डोक्यात तो शब्द का रुतून बसला होता, ते मला पुढे कळलं.

आपण ज्या रडारांवर जगतो ती अमेरिकेची. अमेरिका मित्रदेशाला शस्त्रं विकते तेव्हा तिथल्या सरकारला आधी आपल्या कायदेमंडळाला कळवावं लागतं, की अमुक देशाला अमुक माल देणार आहोत. मग महिनाभराची मुदत. त्या मुदतीत दोन्ही सभागृहांनी 'नाही' असा ठराव केला तर विक्री अडते. तो ठरावही राष्ट्राध्यक्ष परत पाठवू शकतात, मग तो टिकवायला आणखी मोठं बहुमत लागतं. आणि कोणी काही बोललंच नाही, तर विक्री झाली. 'हो' असं कोणाला म्हणावंच लागत नाही. हे सगळं तुम्ही कुठल्याशा कराराच्या कामात वाचलंत आणि माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिलात. चेहरा असा, की घरून काही वाईट कळलं असावं.

"पगारसाहेब, ही तर आमच्या ग्रामपंचायतीची नोटीस!"

म्हणजे काय, ते तुम्ही ऑफिसात सांगितलं नाहीत. असल्या गोष्टी तुम्ही बत्ह्याच्या बाजारासाठी राखून ठेवायचात. शुक्रवारी दुपारी त्या मलबारी खाणावळीत एवढा कालवा असतो की समोरच्याचं बोलणंही ओठांवरून ओळखावं लागतं. तुमच्या मते मोकळं बोलायला त्याच्याइतकी चांगली जागा साऱ्या रियाधमध्ये नव्हती. सुरमईचा काटा काढता काढता तुम्ही सांगितलंत.

तुमच्या गावात खाडीवर धक्का व्हायचा होता आणि धक्क्याकडे जाणारा रस्ता कब्रस्तानाच्या कडेवरून जाणार होता. पंचायतीच्या फळ्यावर कागद लागला. हरकत असल्यास मुदतीत कळवावे. गावातले कर्ते पुरुष कोणी कुवेतला, कोणी दोह्याला, तुम्ही इथे. मुदत संपली. एकही हरकत आली नाही. रस्ता झाला, आणि तुमच्या आईची कबर त्याच्याखाली गेली.

"कोनी लबाडी केली नाय," तुम्ही म्हणालात. "सगळं कायद्यानं झालं. उलट चांगला रस्ता आहे. मीपन त्याच्यावरनंच जातो."

सुटीवर गेल्यावर तुम्हाला कळलं की तुमच्या पत्नी हमीदाभाभी रोज त्या फळ्यावरून पाण्याला जायच्या. त्यांना वाचता येत होतं. कागद त्यांनी वाचलाही होता. तुम्ही विचारलंत, मग बोलली का नाहीस? त्या म्हणाल्या, "बायकांनी कवा हरकत घ्यायची असते? मना कोनी इचारलं?" हे सांगून तुम्ही आणखी एक तुकडी मागवलीत.

त्यानंतर तुम्ही त्या परक्या कायदेमंडळाच्या मागेच लागलात. आमच्याकडे कोणी क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसे तुम्ही रोज बघायचात, कुठली नोटीस निघाली, कोणी ठराव मांडला, किती हात वर झाले. आजवर त्या वाटेने एकही विक्री कायमची अडलेली नाही, हेही तुम्हीच सांगायचात. मी म्हणायचो, मग कशाला बघता? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तुम्ही म्हणायचात, "आड आहे ना. तेवढं तरी आहे." मला हा रिकामा उद्योग वाटत होता, आणि ते माझ्या पोटावर येईपर्यंत मला त्याचं काही वाटलंही नाही.

मग ते पोटावर आलं. आपल्या रडारांचे नवे भाग आणि त्यांचं प्रशिक्षण, असा एक सौदा तिकडे मांडला जायचा होता. तो झाला तर आपल्या कंपनीला पुढचा करार, नाही तर खलास. रीतसर नोटीस निघण्याआधी कायदेमंडळाच्या समितीतल्या बड्या मंडळींना कागद दाखवायची पद्धत आहे, आणि त्यांतल्या एखाद्याने मान डोलावली नाही तर कागद तिथेच दबून राहतो. आपला राहिला. कोणा एका खासदाराने विचारलं होतं, की याआधी दिलेला दारूगोळा शेजारच्या देशात कुठे कुठे पडला ते आधी सांगा, मग पुढचं बोलू.

इकडे कंपनीने हात आखडते घेतले. वर्षाचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, तीन-तीन महिन्यांवर आला. माझी गार्गी तेव्हा बारावीत होती. मधेच गाशा गुंडाळावा लागला तर पोरीची परीक्षा कुठे आणि कशी, या विचाराने घरात जेवण जात नव्हतं. आणि तुम्ही खुशीत होतात. तुमचा इकामाही तीन महिन्यांचाच झाला होता, तरी खुशीत! सुरमईही दोन तुकड्या जास्त गेली त्या शुक्रवारी.

"तुमच्या त्या खासदाराला माझ्या मुलीची बारावी दिसते का?" मी विचारलं.

"नाय दिसत. कशी दिसेल?"

"मग त्याला काय अधिकार?"

"ज्याचं पोट त्यात नाय, त्यानंच इचारायचं असतं वो. तुमी-आमी कसं इचारनार? आपलं मीठ आहे त्याच्यात." मग तुम्ही हसलात. "तुमच्या तर आडनावातच पगार. तुमी कसली हरकत घेनार!"

तो विनोद मला त्या दिवशी झोंबला. मी म्हणालो, आपण बॉम्ब विकत नाही, रडार दुरुस्त करतो. कोणी वरून काही टाकलं तर ते आधी दिसावं म्हणून. आपण छत्रीवाले आहोत. छत्रीवाल्याला कसला जाब विचारता?

तुम्ही बराच वेळ बोटं चाटत बसलात. मग म्हणालात, "छत्रीवाला चांगला. पन त्याच्या पिशवीत छत्रीबरोबर आनखी काय काय आहे, ते बघायला कोनी नको? नुसतं बघायला?"

"बघून काय होतं? शेवटी विकतातच."

"बघतात म्हनून विकनारा दहादा विचार करतो. चार गोष्टी पिशवीतनं काढून ठेवतो. आमच्या गावात कोनी फळ्याकडं बोट दाखवलं असतं ना, तरी रस्ता झालाच असता. पन चार हात बाजूनं झाला असता."

मी बिल मागवलं. वादात हरायला लागलो की मी बिल मागवतो, हे तुम्ही ओळखून होतात.

पुढे एका संध्याकाळी शहरावर आकाशात धडाका झाला. बाहेरून आलेलं काहीतरी वरच्या वर फोडलं होतं. काचा थरथरल्या. गार्गी पुस्तक घेऊन न्हाणीघरात जाऊन बसली, कारण शाळेत तसं शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तुमच्या टेबलाशी गेलो. म्हटलं, बघितलंत? छत्री होती म्हणून आज चहा पितो आहोत. तुम्ही लगेच मान्य केलंत. "खरं आहे. मीपन बिछान्याखाली होतो." आणि मग, कप खाली ठेवून: "पन खाली जो असतो ना पगारसाहेब, त्याला वरनं काय येतंय ते सारखंच कळतं. हितल्याला काय आनि तिकडच्याला काय." तिकडच्याला, म्हणजे सीमेपलीकडच्याला. तुम्ही देशाचं नाव घेतलं नाहीत. आपल्या कोपऱ्यावरचा ब्रेडवाला त्या देशाचा होता आणि तुम्ही रोज त्याला त्याच्या आईची खुशाली विचारायचात. मला ते आत्ता लिहिताना आठवलं.

शेवटी तो सौदा सुटला. काही खुलासे दिले गेले, काही वस्तू यादीतून गळल्या असं तुम्ही सांगितलंत, मग रीतसर नोटीस निघाली. मुदत सुरू झाली. दोन-चार जणांनी ठराव मांडला, तो पडला. बाकीच्यांनी तोंड उघडलं नाही. मुदत संपली आणि आपला इकामा पुन्हा वर्षाचा झाला.

बायकोने पुरणपोळी केली आणि तुम्हाला बोलावलं. मी खुशीत होतो, लपवत नाही. ताटावर बसल्यावर मी तुम्हाला डिवचलं. "काय यासीनभाई, आता हरकत नाही ना?"

"माझी आहे," तुम्ही म्हणालात. "पन पोळी वाढा."

गार्गी तेव्हा हसून म्हणाली, "अंकल इज सो स्टबर्न, बाबा." तुम्ही तिला मराठीत म्हणालात, "हट्टी नाय बेटा. नोंद करून ठेवतो." आणि तीन पोळ्या खाल्ल्यात. तूप वेगळं मागून घेतलंत. आपला वाद तिथेच अडकला. मी जिंकलो असं मला वाटत होतं, आणि तुम्हाला आपण हरलो असं वाटत नव्हतं. नीट एकदा बसून बोलू, असं दोघांच्याही मनात होतं. पण मग गार्गीची परीक्षा आली, तुमची सुटी आली, रमजान आला. आणि मग एक दिवस तुम्ही चहाचा कप टेबलावर ठेवलात आणि खुर्चीतच एका अंगावर कललात. इस्पितळात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगतो.

कंपनीने तुमची सगळी कागदपत्रं माझ्याकडे दिली. कारण विचारलं तर अबू फहद म्हणाले, तू त्याच्या गावचा ना? नाशिक आणि रत्नागिरी यांत किती अंतर आहे हे त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता. मी हो म्हणालो.

प्रश्न एकच होता. दफन इथे करायचं की तुम्हाला घरी पाठवायचं? इथे करायचं तर वकिलातीला घरच्यांची लेखी संमती लागते. त्या कागदाला आपल्याकडे 'ना हरकत पत्र' म्हणतात. मी तो शब्द वाचला आणि पहिल्यांदा तुमच्या खुर्चीकडे नीट बघितलं.

तुमचा धाकटा भाऊ लतीफ फोनवर सगळं बघत होता. त्याचं ठरलं होतं. "पगारसाहेब, तिथली पाक माती नशिबानं मिळते. आनि मयताला ताटकळत ठेवू नये, आमच्यात गुन्हा आहे. आजच उरकून घ्या." दोन्ही मुलींनी सासरहून होकार कळवला होता. लतीफ वाईट बोलत नव्हता, तोही रडत होता. आणि त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं मला अजूनही म्हणता येत नाही.

"आणि भाभी?" मी विचारलं.

"भाभी गप आहे. म्हणजे राजीच आहे. सही मी घेतो, तुमी यल्ला करा, लवकर उरका."

गप आहे म्हणजे राजी. हे वाक्य मी तुमच्या तोंडून इतक्या वेळा, इतक्या वेगळ्या सुरात ऐकलं होतं की मला वाटलं तुम्हीच मागून बोललात. मी म्हटलं, फोन त्यांच्याकडे द्या. लतीफला राग आला. "तुमाला आमच्यातलं काय कळतं?"

"काही कळत नाही," मी म्हणालो. "म्हणून विचारतोय."

फोन भाभींकडे गेला. मी त्यांच्याशी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. मी म्हणालो, "भाभी, मी पगार. त्यांच्या ऑफिसातला. इथेच दफन करायला तुमची हरकत नाही ना?"

त्या काही बोलल्या नाहीत. मागे बायकांचा आवाज येत होता, एक कोंबडा आरवत होता. लतीफ लांबून म्हणाला, बघा, काय नाय बोलत. आणि मला माझंच वाक्य ऐकू आलं. हरकत नाही ना? आपण सगळे असंच विचारतो, यासीनभाई. मुलीला, बायकोला, पाहुण्यांना. विचारतानाच उत्तर तोंडात घालून ठेवतो, समोरच्याने फक्त गिळायचं. माझ्या बायकोला मी इथे आणलं तेव्हाही असंच विचारलं होतं, बहुतेक.

मी पुन्हा विचारलं. "भाभी, हरकत आहे का?"

पुन्हा तेवढाच वेळ गेला. मग त्या म्हणाल्या, "हाय."

आणि मग, जरा मोठ्याने, खोलीतल्या लोकांनाही जाईल असं, "माजी हरकत हाय. त्यांना घरी आना."

लतीफने फोन घेतला आणि मला बरंच काही ऐकवलं. मुडद्याचे हाल करताय, वगैरे. मी ऐकून घेतलं. एका बाईच्या शब्दावर सगळं थांबलं होतं. वकिलातीचा कागद थांबला, कंपनीची गाडी थांबली, कब्रस्तानात सांगून ठेवलं होतं तेही थांबलं. तुम्हाला काही दिवस इस्पितळाच्या थंड खोलीत राहावं लागलं. त्याबद्दल मला वाईट वाटतं. तुम्हाला थंडी सोसत नसे, एसीखाली बसलात की मफलर गुंडाळायचात.

दुसऱ्या दिवशी सकाळी अबू फहद जिन्यात भेटले. त्यांना तुमच्याबद्दलच विचारायचं होतं, काम कुठवर आलं म्हणून. पण सवयीने तोंडातून तेच आलं. "पगार, फी हरका?"

"फी," मी म्हणालो. आहे. मग मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं, की त्याच्या बायकोची हरकत आहे. त्यांनी मान डोलावली. "अच्छा," ते हिंदीत म्हणाले. "फिर भेजो." तुमच्या गैरहजेरीत, दुभाष्याशिवाय, त्या शब्दाचा आम्हा दोघांना प्रथमच एकच अर्थ लागला. नंतरचे सगळे शिक्के त्यांनी स्वतः फिरून आणले.

तुम्ही घरी गेलात, तुमची माती झाली. मला वाटलं, इथे आपला विषय संपला. मनातल्या मनात मी तुम्हाला सांगतही होतो, की बघा, मीठ खाणाऱ्यानेही एकदा विचारलं. तुमच्याकडून शाबासकीची अपेक्षा होती म्हणा ना.

इथवर लिहून हे बाजूला ठेवलं होतं. काल दुपारी भाभींचा फोन आला. स्वतःच्या हाताने लावलेला. कबर रस्त्यापासून लांब घेतली, जागा त्यांनी आधीच दाखवून ठेवली होती, असं सांगितलं. गार्गीची चौकशी केली. तुम्ही घरी गार्गीबद्दल बोलत होतात, हे मला माहीत नव्हतं. मग म्हणाल्या, "पगारभाऊ, एक इचारू? त्या दिशी तुमी मना दुसऱ्यांदा का इचारलंत?"

मी म्हणालो, "यासीनभाईंनी शिकवलं, भाभी. गप बसणं म्हणजे होकार नव्हे. विचारलं पाहिजे, असं ते नेहमी म्हणायचे. त्यावरून आमची भांडणं व्हायची."

त्या थोड्या हसल्या. रडल्याही असतील, फोनवर नक्की कळलं नाही.

"मना नाय कदी इचारलं," त्या म्हणाल्या. "निकाह झाला आनि गेले. दर सुटीला यायचे आनि जायचे. जाऊ का, असं एकदापन नाय इचारलं वो. इचारलं असतं, तर मी सांगितलं असतं."

इथे बिलही मागवता येत नव्हतं. फोन ठेवल्यावर मी तुमच्या कुरकुरणाऱ्या खुर्चीत जाऊन बसलो, आणि बायको म्हणाली होती ते खरं झालं.

यासीनभाई, यावर तुमचं काय म्हणणं आहे?